रतीब

संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली, "मराठी विभागात दोन पानं रिकामी आहेत, तू लिही." मी म्हटलं, "अगं, मी कॉन्व्हेंटची. मला एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतला फरक अजून बोटांवर मोजावा लागतो." तर म्हणते कशी, "मग टेक्निकल विषयावर लिही, म्हणजे तुझं मराठी कुणी तपासणार नाही." तेव्हा मंडळी, पुढे जे काही येईल त्याची जबाबदारी तिची!

विषय आहे 'इव्हेंट'. आपल्याकडे इव्हेंट म्हटलं की गॅदरिंग, स्पॉन्सर शोधत फिरणारे सीनियर्स आणि रात्री अकराला बंद पाडलेला डीजे डोळ्यांपुढे येतो. मी म्हणते तो इव्हेंट इतका दणदणीत नसतो. वेबपानावर कुणी बटण दाबलं, माऊस हलवला, पान पूर्ण उघडलं, व्हिडिओ संपला... अशा प्रत्येक बारीकसारीक घटनेला जावास्क्रिप्टमध्ये इव्हेंट म्हणतात. आणि "हे घडलं की मला कळव" असं आधीच सांगून ठेवणं म्हणजे त्या इव्हेंटला सबस्क्राइब करणं.

आता 'सबस्क्राइब'ला मराठी शब्द काय? डिक्शनरीत 'वर्गणीदार होणे' असं मिळालं. पण वर्गणी म्हटलं की गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली पोरं आठवतात, आणि पैसे देऊन आपल्याला मिळतो तो लाऊडस्पीकर. काही जमेना. शेवटी सुट्टीत सिन्नरला आजीकडे गेले होते, तेव्हा ती दूधवाल्याला म्हणाली, "उद्यापासून अर्धा लिटरचा जास्तीचा रतीब लाव, नात आलीय." रतीब! मी तिला अर्थ विचारला, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की एवढ्या फिया भरून या पोरीला शाळेत शिकवलं तरी काय. पण शब्द अगदी चपखल. रतीब 'लावतात' आणि रतीब 'बंद करतात'. एकदा लावला की रोज उठून गवळ्याच्या गोठ्यात "दूध काढलंत का हो?" विचारायला जावं लागत नाही.

रतीब न लावता जे करावं लागतं त्याला आमच्या भाषेत 'पोलिंग' म्हणतात. (निवडणुकीचं नव्हे.) पोलिंग पाहायचं असेल तर रविवारी संध्याकाळी आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये या. साडेसात वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी कुणीतरी जिना उतरून "मावशी, झालं का?" विचारणार, मावशी "नाही" म्हणणार, ती वर जाणार, दुसरी खाली येणार. तीस जणी, प्रत्येकीच्या चार खेपा. मावशींचा अर्धा वेळ 'नाही' म्हणण्यात जायचा, त्यामुळे जेवण आणखी उशिरा! मग एके दिवशी मावशींनी जिन्याखाली उभं राहून उलथन्याने ताट वाजवायला सुरुवात केली. ताट वाजलं की सगळ्या खाली. कोण ऐकतंय, कोण झोपलंय, कोण घरी गेलंय, याच्याशी मावशींना कर्तव्य नाही. त्या वाजवतात. ज्यांना भूक आहे त्या येतात. वाजवणाऱ्याला ऐकणाऱ्यांची यादी तोंडपाठ असावी लागत नाही, यातच या पद्धतीची सगळी खुबी आहे.

थोडा इतिहास सांगते, परीक्षेला येतो म्हणून नाही, मजेशीर आहे म्हणून. ब्रेंडन आइक नावाच्या माणसाने 1995 साली नेटस्केप कंपनीत असताना जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत लिहिला. (आपण दहा दिवसांत जर्नल पूर्ण करत नाही.) सुरुवातीला बटणाला 'ऑनक्लिक' नावाचं एकच खुंटीवजा खोबण होतं. त्यावर एकच गोष्ट टांगता यायची. दुसऱ्याने आपलं काम टांगलं की पहिल्याचं गुपचूप खाली पडायचं, आणि पडल्याचा आवाजही यायचा नाही. मग एका घटनेला अनेकांनी रतीब लावायची सोय आली. मायक्रोसॉफ्टने 1999 च्या इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मध्ये 'अटॅच-इव्हेंट' आणलं. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने नोव्हेंबर 2000 मध्ये 'ॲड-इव्हेंट-लिसनर' प्रमाण केलं. मायक्रोसॉफ्टला ते मानायला एक्स्प्लोरर 9, म्हणजे 2011 साल उजाडलं. मधली दहा-अकरा वर्षं प्रत्येक वेब प्रोग्रामर एकच गोष्ट दोन पद्धतींनी लिहीत होता. जेक्वेरीसारखी टूलकिट्स 2006 पासून लोकप्रिय झाली, त्याचं एक मोठं कारण हेच की हा डबल हमालीचा भार त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला.

भांडण अजून एका गोष्टीवरून होतं. बटण एका चौकटीत, चौकट पानात. क्लिक झाला तर आधी कुणाला कळवायचं, पानाला की बटणाला? नेटस्केप म्हणे वरून खाली या, मायक्रोसॉफ्ट म्हणे खालून वर जा. हे समजायला हॉस्टेलसारखं दुसरं पुस्तक नाही. नळ गळतोय ही तक्रार खोलीतून विंगकडे, विंगमधून रेक्टर मॅडमकडे, तिथून ऑफिसात अशी वर वर चढते. ते 'बबलिंग'. आणि प्रिन्सिपल सरांचं सर्क्युलर ऑफिसातून रेक्टर, रेक्टरकडून नोटीस बोर्ड, तिथून खोली असं खाली येतं. ते 'कॅप्चरिंग'. डब्ल्यूथ्रीसीने दोघांचंही मन राखलं: इव्हेंट आधी वरून खाली येतो, मग खालून वर जातो. वाटेत कुणीही "हे इथेच मिटवू" असं म्हणून त्याला अडवू शकतो. त्या सोयीला 'स्टॉप-प्रोपगेशन' म्हणतात. आमच्या गळक्या नळाची तक्रार नेमकी कुठे अडली हे शोधण्यासाठी मात्र अजून टूलकिट निघालेलं नाही.

रतीब बंद करण्याचीही एक गंमत आहे. बंद करताना ज्याला लावला होता त्याचंच नाव घ्यावं लागतं. जावास्क्रिप्टमध्ये बिननावाचं फंक्शन रतीबाला लावलं, तर 'रिमूव्ह-इव्हेंट-लिसनर'ला ते पुन्हा दाखवता येत नाही. अगदी तसंच दुसरं फंक्शन लिहून दिलं तरी चालत नाही, तेच लागतं. नाव न विचारता दूधवाला लावा आणि मग त्याला बंद करून दाखवा! तो रोज येतच राहतो. पान उघडं असेपर्यंत येतो.

असो. हे सगळं आपल्याच पानावरच्या बटणांचं झालं. खरी गोष्ट पुढे आहे, कारण गेल्या सेमिस्टरला माझा संबंध आला तो दुसऱ्याच्या विजेटशी.

विजेट म्हणजे आपल्या पानावर ठेवलेली दुसऱ्याची वस्तू. नकाशा, पेमेंटचं बटण, व्हिडिओ प्लेअर. ती 'आयफ्रेम'मध्ये बसते. आयफ्रेम म्हणजे आपल्याच घरातली भाड्याने दिलेली खोली समजा. घर आपलं असलं तरी त्या खोलीत डोकावायचा हक्क आपल्याला नाही, आणि भाडेकरूलाही आपल्या स्वयंपाकघरात यायचा नाही. ब्राउझर हा नियम फार कडक पाळतो. मग बोलायचं कसं? दाराच्या फटीतून चिठ्ठ्या सरकवून. ही सोय म्हणजे 'पोस्ट-मेसेज'. आणि चिठ्ठ्या लिहिण्या-वाचण्याची कटकट आपल्याला नको म्हणून विजेटवाली कंपनी एक छोटं टूलकिट देते. त्याला सांगायचं, अमुक घडलं की माझं अमुक फंक्शन बोलव.

आमच्या विभागाने एका विषयाच्या लेक्चर्सची रेकॉर्डिंग्ज यूट्यूबवर चढवून एका पानावर लावली होती. सरांनी मला बोलावून सांगितलं, "पोरं बघतात का, किती बघतात, रोल नंबरसकट यादी पाहिजे. पंचाहत्तर टक्के व्हिडिओ बघितला असेल तर त्या लेक्चरची हजेरी देऊन टाकू." मला आनंदच झाला. प्रोजेक्टही होणार आणि हजेरीही.

यूट्यूबचं टूलकिट तसं सरळ आहे. ते लोड झालं की स्वतःहून एका ठरलेल्या नावाच्या फंक्शनला हाक मारतं. मग आपण प्लेअर तयार करायचा आणि 'ऑन-स्टेट-चेंज'ला रतीब लावायचा. प्लेअरची अवस्था बदलली की एक आकडा हातात पडतो. उणे 1 म्हणजे अजून सुरू नाही, 0 म्हणजे संपला, 1 चालू, 2 थांबवला, 3 बफरिंग, 5 म्हणजे लावून ठेवलाय. 4 नाहीच. (चार नंबरचं बाथरूमही आमच्याकडे कायम बंद असतं.) हॉस्टेलच्या वाय-फायवर 3 चा जो पाऊस पडतो तो पाहण्यासारखा आहे. आणि एवढं सगळं असून कुणी व्हिडिओ मागे किंवा पुढे ढकलला तर त्याची वेगळी हाक नाही. ते कळायला दर काही सेकंदांनी "आता कितव्या सेकंदावर आहेस?" असं प्लेअरलाच विचारावं लागतं. म्हणजे आलं पुन्हा पोलिंग! मावशी, झालं का?

चाचणीसाठी आमच्या विंगमधल्या चौघींनी आपापले रोल नंबर दिले. एक आठवडा त्यांनी लेक्चर्स बघायची आणि मी माझ्या खोलीत बसून आकडे येताना बघायचे. पहिल्या रात्री फार मजा आली. कोडच्या ओळी चालतात आणि पलीकडच्या भिंतीमागे बसलेली मैत्रीण आपल्याला आकड्यांत दिसते! एक, दोन, एक, तीन, तीन, तीन, एक. मी भिंतीवर थाप मारून ओरडले, "झोपलीस का गं? पॉज केलंस!" तिने पलीकडून ओरडून जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

तिसऱ्या रात्रीची यादी माझ्याजवळ होती. एकीचा पन्नास मिनिटांचा व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड चालला होता. 1, आणि मग थेट 0. शंभर टक्के. दुसरीचा बाराव्या मिनिटाला थांबला तो पुन्हा सुरूच झाला नाही. चोवीस टक्के, गैरहजर.

पहिलीने व्हिडिओ लावला आणि ती केस धुवायला गेली होती. तिने स्वतःच हसत सांगितलं. दुसरी माझी रूममेट. बाराव्या मिनिटाला तिच्या बाबांचा लातूरहून फोन आला होता, आईला ॲडमिट केलं म्हणून. त्यानंतर दीड तास आम्ही दोघी गच्चीच्या जिन्यात बसलो होतो, सकाळी तिला गाडीत बसवून दिलं. (आई आता बरी आहे.) परत येऊन लॅपटॉप उघडला तर यादीत तिच्या नावापुढे एक 2 होता आणि त्यानंतर काही नाही.

कोड बरोबर होता. मी तो तीनदा तपासला. प्लेअरने जे घडलं तेच सांगितलं: चालू झाला, थांबला. प्लेअरच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. पण 1 म्हणजे प्लेअर चालू, मुलगी ऐकतेय असं नव्हे; आणि 2 म्हणजे प्लेअर थांबला, मुलगी टाळतेय असं नव्हे. आपण रतीब लावतो तो दुधाचा, गाय कशी आहे ते किटलीत दिसत नाही. टूलकिट लिहिणाऱ्याने ज्या पाच-सहा गोष्टींना नावं दिली तेवढ्याच ऐकू येतात. बाकीच्यांना आकडाच नाही. पान मागे टाकून दुसरं उघडलं तर तेही पकडता येतं, 'व्हिजिबिलिटी-चेंज' नावाचा इव्हेंट आहे. सरांना तो सांगितला असता तर तोही लावायला सांगितला असता. पण पान समोर उघडं ठेवून केस धुता येतातच की!

हे मला इतकं लागण्याचं दुसरं कारण आमच्या हॉस्टेलच्या गेटवर आहे. तिथल्या रजिस्टरमध्ये माझ्याही दोनच अवस्था आहेत, आत आणि बाहेर. साडेआठनंतर आत आलं तर घरी एसएमएस जातो. म्हणजे आमच्या बाबांनी माझ्यावर रतीब लावलेला आहे, आणि तो लावताना कुणी मला विचारलं नव्हतं. एकदा नाशिकहून येताना एसटी घाटात बंद पडली, माझा फोनही संपला होता. बाबांना एसएमएस मिळाला: 9 वाजून 52 मिनिटांनी प्रवेश. बस बंद पडल्याला आकडा नव्हता, ड्रायव्हरकाकांनी सगळ्या मुलींना पुढे बसवून घेतलं त्याला नव्हता. बाबांनी सकाळपर्यंत आईला काही सांगितलं नाही आणि स्वतःही झोपले नाहीत. (मुलांच्या हॉस्टेललाही असं रजिस्टर आहे म्हणतात. पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.)

मी सरांकडे गेले. पाय थोडे लटपटत होते, कारण इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. दोन नावं न घेता दोन्ही रात्रींची हकीकत सांगितली. सर म्हणाले, "अगं, चुकारपणा थोडाफार होणारच. पण काहीच न मोजण्यापेक्षा बरं ना?" मी म्हटलं, "सर, जी प्रामाणिकपणे पॉज करून वहीत उतरवून घेते तिचा व्हिडिओ तुटक दिसतो, आणि जी लावून निघून जाते तिचा अखंड. आपण उलटं मोजतोय." मग मी एक युरोपातली केस सांगितली, ती आदल्या रात्री वाचून ठेवली होती. फेसबुकने 2010 मध्ये इतर वेबसाइट्सवर लावायला लाइक बटण दिलं. ते बटण पानावर नुसतं असलं, कुणी दाबलं नाही, तरी पान उघडणाऱ्याची माहिती फेसबुककडे जायची. फॅशन आयडी नावाच्या जर्मन ऑनलाइन कपडेविक्रेत्यावर खटला झाला, आणि जुलै 2019 मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की बटण दुसऱ्याचं असलं तरी ते आपल्या पानावर आणून बसवणाराही त्या माहिती गोळा करण्याला आणि पुढे पाठवण्याला फेसबुकच्या जोडीने जबाबदार आहे. भाडेकरू काय करतो ते मला माहीत नाही, असं घरमालकाला म्हणता येणार नाही. सर म्हणाले, "आपण काय युरोपात आहोत का?" मी म्हटलं, "नाही सर. पण बसवणारी मी आहे."

हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर मला घाम फुटला होता, हे खरं.

सर थोडा वेळ गप्प बसले. मग जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. म्हणाले, "ही लेक्चर्स मी रात्री जेवणं झाल्यावर घरी रेकॉर्ड केली. मुलगी झोपली की मग. समोर कुणी नसतं, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. वर्गात निदान चेहरे दिसतात, कुणाला कळलं नाही ते कळतं. इथे काहीच कळत नाही. मला एवढंच हवंय, पलीकडे कुणी आहे का." मी आतापर्यंत समजत होते की सरांना आमच्यावर पहारा ठेवायचाय. त्यांनाही ताटाचा आवाज ऐकून कोणी जिना उतरतंय का, एवढंच बघायचं होतं.

तेव्हा तिथेच फळ्यावर नवीन आराखडा केला. रोल नंबर काढून टाकला. कोण पॉज करतं ते लिहायचंच नाही, फक्त कुठे ते लिहायचं: लेक्चर क्रमांक आणि मिनिट. मागे ढकललं तर तेही, दर पाच सेकंदांनी विचारून. प्लेअर यूट्यूबच्या 'नो-कुकी' पत्त्यावरून आणायचा. आणि पानावर वर एक ओळ, इथे काय नोंदलं जातं आणि काय नाही. हजेरी सर वर्गातच घेणार. चाचणीच्या आठवड्याची फाइल चौघींना समोर बसवून मी डिलीट केली. केस धुणारी हळहळली. तिचे शंभर टक्के गेले.

महिनाभराने आलेख काढला, तर नवव्या लेक्चरच्या सतराव्या मिनिटाला डोंगर उभा होता. सगळा वर्ग तिथे थांबत होता, मागे जात होता, पुन्हा थांबत होता. ते मिनिट होतं एव्हीएल ट्रीच्या डबल रोटेशनचं. 1962 साली सोव्हिएत युनियनमधल्या दोन गणितज्ञांनी ही रचना मांडली, तेव्हापासून जगभरची पोरं तिथेच अडखळत असणार. सरांनी आलेख बराच वेळ पाहिला, "मी इथे एक आकृती गाळली" असं पुटपुटले, आणि दोन दिवसांत तेवढा भाग आकृत्यांसह पुन्हा रेकॉर्ड करून दिला. एक डोंगर आकडेवारीत दिसला की तो कुणा एकाचा आळस नसतो, एवढं त्यांनाही पटलं. रूममेट लातूरहून परत आल्यावर तो नवीन भाग पहिल्यांदा तिनेच बघितला, दोनदा पॉज करून. तिच्या शेजारी बसले होते म्हणून मला माहीत. यादीत तसं कुठे लिहिलेलं नाही.

आता सतराव्या मिनिटाचा डोंगर बसलाय. त्याऐवजी चौदाव्या लेक्चरला एकतिसाव्या मिनिटाला नवीन गर्दी जमू लागली आहे. सरांना सांगितलं आहे.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी